पांढरा दोरा

टेलरमास्तर पुस्तक उघडून बसले, की पुस्तकातली माणसंसुद्धा हातातलं काम बाजूला ठेवून जरा पाठ टेकायची. आता पान उलटायला बराच अवकाश आहे, हे त्यांना ठाऊक असायचं. एकदा म्हणे गोष्टीतल्या कुणा बाईने चुलीवर दूध ठेवलं होतं, आणि मास्तर ते पान संपवेपर्यंत दूध उतू गेलं, भांडं करपलं आणि बाई रागावून माहेरी निघून गेली. खोटं वाटत असेल तर मास्तरांच्या बायकोला विचारा. ती सांगते, बाई माहेरपण उरकून परत आली, तरी यांचं पान तेच.

बरं, हा संथपणा फक्त वाचण्यापुरता. शिलाईत मास्तर म्हणजे शब्दाचा माणूस. मंगळवारी देतो म्हणाले की मंगळवारी कपडा इस्त्री होऊन हँगरला. गावातले बाकीचे टेलर त्यांच्यावर खार खाऊन असत. हा माणूस आपल्या धंद्याला बट्टा लावतो, असं त्यांचं म्हणणं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर शटर अर्धं ओढून घेत आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलाभोवती चौघं जमत. एक स्वतः मास्तर. दुसरे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तिसऱ्या, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या वहिनी. आणि चौथे गणिताचे सर, ज्यांना शाळा सुटली तरी खडूची सवय सुटली नव्हती. ते बोलताना मास्तरांच्या मार्किंगच्या खडूने टेबलावर त्रिकोण काढत बसायचे. सध्या आपण काय वाचतोय, कुठवर आलोय, कोण आवडलं, कुणाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, हे एकमेकांना सांगायचं, एवढंच काम.

पूर्वी ज्याचं पुस्तक त्याच्यापाशी असे. मग ड्रायव्हरांना रद्दीच्या दुकानात एक जाडजूड कादंबरी सापडली. डोंगरापलीकडे मीठ नेऊन विकणारा एक म्हातारा आणि त्याची काणी घोडी, यांची गोष्ट. मुखपृष्ठ गेलेलं, दुसरी प्रत मिळेना. तेव्हा ठरलं की ही एकच प्रत चौघांत फिरवायची. प्रत्येकाच्या खुणेसाठी मास्तरांनी काजाच्या दोऱ्याच्या वेण्या वळल्या, टोकाला आपली ती खास गाठ मारली. ड्रायव्हरांना तांबडी, वहिनींना हिरवी, सरांना निळी, स्वतःला पांढरी. आणि नियम असा, की सगळ्यांत मागे ज्याचा दोरा, त्याच्या पुढे कुणी वाचायचं नाही.

हा नियम ड्रायव्हरांनीच काढला होता. "शेवटचा प्रवासी चढल्याशिवाय आपली गाडी सुटत नाही," ते टेबलावर थाप मारून म्हणाले होते. "आयुष्यात कुणाला मागे टाकून बस काढली नाही मी."

शेवटचा प्रवासी कोण, हे सांगायची गरज नव्हती. मास्तर त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेले. नाहीतर आजवर कुठल्याही गप्पांत त्यांना 'अजून तिथेच का' हेच ऐकायची सवय.

महिने गेले. पांढरा दोरा मुंगीच्या पावलांनी सरकत होता. तिघं दर आठवड्याला येत, तेवढ्याच पानांवर भरभरून बोलत. ड्रायव्हरांचा घोडीवर फार जीव. "माझी पहिली बस अशीच होती रे. एकच दिवा. पण घाटात कधी दगा दिला नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज जड व्हायचा. मास्तरांचाही जीव त्या घोडीतच अडकलेला. शेवटचा भाग त्यांनी मुद्दाम लांबवला होता. लहान मूल ताटातली आवडीची वस्तू शेवटाला ठेवतं ना, तसा.

मग खुणा हरवायचा साथीचा रोग आला. आधी वहिनी म्हणाल्या, "मास्तर, माझा हिरवा दोरा कुठे पडला कोण जाणे. नवीन द्याल वळून?" पुढच्या वेळी सरांचा निळा गेला. आणि मग ड्रायव्हर मान खाजवत म्हणाले, "गड्या, माझाही..." मास्तरांनी हसत हसत तिन्ही वेण्या पुन्हा वळल्या. "तुमच्या हाती डोकी दिली तर तीही हरवाल," एवढंच म्हणाले. उलट त्यांना आतून बरंच वाटलं, आपल्या हातच्या वस्तूवाचून यांचं अडतं म्हणून.

आता मास्तरांची चूक काय झाली, तर त्यांनी एक काम वेळेआधी केलं. वहिनींचे पडदे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, पण हात चालला, झाले. म्हटलं, जाऊन लावूनच देऊ. दार उघडंच होतं.

मास्तर आत गेले. टेबलावर चहाचे तीन कप. कपांशेजारी एक नवंकोरं पुस्तक. आणि पुस्तकातून बाहेर डोकावणारी तीन शेपटं: तांबडं, हिरवं, निळं. टोकाला मास्तरांची गाठ.

मीठवाल्याच्या पुस्तकात त्याच रंगांचे तीन दोरे पांढऱ्याच्या सोबत अजून जागच्या जागी होते. कालच मास्तरांनी पाहिले होते.

"अगंबाई, मास्तर! उद्या येणार होतात ना?" वहिनींनी झटकन वर्तमानपत्र ओढून पुस्तकावर टाकलं.

"झाले म्हणून आणले." मास्तर स्टुलावर चढले. तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी खोकलं. तो खोकला अख्ख्या गावाला ठाऊक. बस सुरू होताना करायची, तसा तीन हिसक्यांचा.

"आत कोण आहे?"

"आत? मांजर आहे."

"मांजराला डांग्या खोकला झालाय वहिनी. तुमचंच दुकान आहे, औषध द्या त्याला," मास्तर म्हणाले. पडदा नीट चुण्या पाडून लावला, स्टूल जागेवर ठेवलं आणि बाहेर पडले.

रस्त्यात त्यांना एकेक उलगडत गेलं. या तिघांनी मीठवाल्याचं पुस्तक कधीच संपवलंय. शेवट वाचलाय, त्यावर बोलून झालंय, आणि आता दुसरं सुरू केलंय. आणि दर सुट्टीला दोरे मागे सरकवून, चेहरे कोरे करून येतात. त्यावर कडी म्हणजे, त्या वेगळ्या बैठकीसाठी लागणारे दोरे आपल्याकडूनच वळून नेले! ज्याचा गळा कापायचा, त्याच्याकडूनच सुरीला धार लावून घ्यावी, तसं.

बायकोने ऐकून घेतलं. "अहो, मग सरळ विचारा ना त्यांना."

"विचारलं तर हो म्हणतील."

"मग?"

"मला विचारायचंच नाहीये. त्यांनी सांगायला हवं. निदान त्याने तरी." बाकी दोघांचं मास्तरांना एवढं नव्हतं. त्यांना हवा होता तो ड्रायव्हरांच्या तोंडचा एक शब्द, न विचारता आलेला. तो आला असता तर मास्तरांनी सगळं गिळलं असतं.

ते वाट बघत राहिले. शब्द आला नाही. मग मात्र मास्तरांच्या डोक्यात एक उद्योग शिरला.

पुढच्या बैठकीला ते ऐटीत म्हणाले, "मंडळी, मी एकदम तीन प्रकरणं वाचून काढली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तीन?" सरांच्या हातून खडू पडला.

"हात थांबेना. काय लिहिलंय, वा! म्हातारा खिंड उतरून तळ्याकाठी येतो, आणि तळ्यातून निघतो देवमासा. मीठ बघून आलेला. खारं पाणी समजून. त्या म्हाताऱ्याला गिळतो, पोत्यांसकट!"

असलं काही पुस्तकात सात जन्मांत नव्हतं. पण आता ते म्हणणार कोण? मास्तर तिघांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकाने म्हणावं, 'मास्तर, काहीतरीच काय!' बस, एकाने.

"तुम्ही इथवर पोचलात का?" मास्तरांनी विचारलं. "माझा दोरा पुढे गेला, आता तुम्हांला मोकळीक आहे. पुस्तक घेऊन जा."

पुस्तक फिरून परत आलं. पुढच्या बैठकीला मास्तरांनी विषय काढला. "काय मग, देवमासा?"

"अफाट!" सर म्हणाले. "लेखकाची कल्पनाशक्ती बघा तुम्ही. विशेषतः त्या शेपटीचं वर्णन."

"मला तर आधीच वाटलं होतं, तळ्यात काहीतरी आहे म्हणून," वहिनी म्हणाल्या.

ड्रायव्हर खाली बघून शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते. "हं," एवढंच म्हणाले.

मास्तरांना हसू यायला हवं होतं. सर नसलेल्या माशाची नसलेली शेपटी वाखाणतात, याहून मोठा विनोद कुठला? पण ते आलं नाही. भांडलेही नाहीत हो हे लोक आपल्याशी! एखाद्या आजारी माणसाने तापात काहीबाही बोलावं आणि घरच्यांनी 'हो हो' करून अंगावर पांघरूण घालावं, तसं चाललं होतं.

मग त्यांनी लगामच सोडला. देवमाशाच्या पोटात म्हाताऱ्याने दुकान थाटलं. तिथे गिऱ्हाईक जमलं. माशाला अपचन झालं, त्याने शिंक दिली, म्हातारा उडाला तो थेट राजाच्या मांडीत, आणि राजाने त्याला दंतवैद्य नेमलं. मास्तर दर बैठकीला थापा वाढवत होते आणि मंडळी माना डोलवत होती. सर तर एकदा म्हणाले, की दंतवैद्याचं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं.

पुस्तकातला खरा शेवट मास्तरांनी अजून वाचला नव्हता, बरं का. पांढरा दोरा त्यांनी नुसताच पुढे सरकवला होता, वाचलेलं पान तेच. या भानगडीत त्यांचं वाचणंच बंद पडलं होतं.

त्या दिवशी मास्तरांनी चहा मागवला. ड्रायव्हरांची पँट शिवायला आलेली होती, तिचं माप घेऊन झालं होतं. सगळे बसले. मास्तर कात्री हातात घेऊन, काही न कापता नुसती उघडमीट करत म्हणाले,

"काल फार वाईट वाटलं मला वाचताना. घोडी गेली."

"गेली म्हणजे?" ड्रायव्हरांनी मान वर केली.

"मेली. राजाने म्हाताऱ्याला सोन्याचा रथ दिला. मग काणी घोडी कशाला? म्हाताऱ्याने विकली तिला, चामडंवाल्याला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तीसुद्धा वेडी, जाताना मान वळवून वळवून त्याच्याकडेच..."

"अरे बापरे," वहिनी पुटपुटल्या.

"वास्तववादी आहे," सर म्हणाले.

"चामडंवाला तिला बांधतो," मास्तर पुढे सांगू लागले, "आणि सुरी काढून..."

"नाही!" ड्रायव्हर उभेच राहिले. स्टूल मागे कोसळलं. "काय वाटेल ते काय बोलतोस! तो नाही विकत तिला! मरतो तो, खिंडीत, बर्फात. आणि ती मरत नाही. ती पाठीवरच्या मिठासकट एकटी घरी येते. एका डोळ्याने वाट काढत. शेवटच्या पानावर ती दारात उभी असते आणि..."

ते थांबले. हात तोंडावर गेला. टेबलावरच्या खडूच्या त्रिकोणाकडे सगळे असे बघत राहिले, जणू उत्तर तिथे होतं.

"दारात उभी असते," मास्तर सावकाश म्हणाले. "हो का."

सर घड्याळ बघत उठले. वहिनींना दुकान उघडायची आठवण झाली. दोघं वाकून शटरखालून बाहेर पडले. ड्रायव्हर तसेच उभे.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"मांजर खोकलं तेव्हापासून."

"गड्या, ऐक ना. तू एकेक ओळ चघळत बसतोस. आम्हांला राहवेना. एकदा मी पुढचं पान उलटलं, मग वहिनी, मग सर... तुला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं तुला."

"मग उतरवायचं होतंस मला. सांगायचं, बाबा रे, तू चालत ये." मास्तरांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ड्रायव्हरांना तो जास्त लागत होता. "तुम्ही तिघं कधीच दुसऱ्या गाडीने गेलात. मला इथे उभ्या बसमध्ये बसवून ठेवलंत. आणि तू वर पुढे बसून हॉर्न वाजवतोयस. मला वाटतंय, काय छान चाललीय गाडी!"

ड्रायव्हरांनी स्टूल उचलून नीट ठेवलं, उगाच पुसलं.

"आणि आता शेवटही सांगून टाकलास," मास्तर म्हणाले. "तो तेवढा राहिला होता माझ्यापाशी."

त्यांनी पुस्तक ओढलं, पांढरा दोरा बाहेर काढला आणि बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकला. पुस्तक ड्रायव्हरांच्या हातात दिलं. "तुझं आहे. तुलाच सापडलं होतं."

"चुकलो रे," ड्रायव्हर म्हणाले.

हाच तो शब्द. मास्तर इतके दिवस याचीच वाट बघत होते. पण तो कात्रीत धरून बाहेर ओढावा लागला होता, आणि असं ओढूनताणून आणलेलं कापड मास्तर कधी हातात धरत नसत. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही म्हणाले, ते ड्रायव्हरांना कळलं नाही.

शटरपाशी जाऊन ड्रायव्हर वाकले, पुन्हा सरळ झाले. काहीतरी नेहमीसारखं बोलावं, म्हणजे सगळं नेहमीसारखं होईल, असं त्यांना वाटलं असावं.

"माझी पँट... मंगळवारी येऊ ना न्यायला?"

मास्तरांनी मशीनवर बसून सुई-दोरा घेतला. टोक तोंडात घालून ओलं केलं, सुईच्या नेढ्यातून ओवलं, गाठ मारली. मग जगातल्या प्रत्येक टेलरला येणारं, आणि त्यांच्या तोंडून कधीच न निघालेलं उत्तर त्यांनी दिलं.

"बघू," ते म्हणाले. "होईल."