बाजेखालची पेटी

"लोकं बाजेखाली चपला ठेवतात, कोणी गोधड्या ठेवते. आपल्या घरची तऱ्हाच न्यारी," देवराव भिंतीकडं तोंड करून पुटपुटले. दुपारची वेळ होती आणि बायको झोपली आहे अशी त्यांची समजूत होती. "कूस बदलावी तं नाकात फवारा."

नलूबाई झोपल्या नव्हत्या. हातभर अंतरावरच्या बाजेवर डोळे मिटून त्यासुद्धा तोच वास घेत पडल्या होत्या.

त्यांच्या बाजेखाली पत्र्याची पेटी होती. तिच्यात कपाशीवर मारायचं औषध होतं. झाकण सैल झालेली एक निळी कॅन, दोन अर्ध्या बाटल्या आणि भुकटीचं पुडकं. इतकी वर्षं हा पसारा कोठ्यात, बैलांच्या गव्हाणीमागं पडून असायचा आणि कोणाला त्यात वावगं दिसायचं नाही. पोळा झाल्यावर नलूबाईंनी एका सकाळी तो उचलून घरात आणला, पेटीत घातला, कुलूप ठोकलं आणि वरून आपली बाज ओढली. देवरावांनी काहून म्हणून विचारलं नाही. सून उर्वशी, तिनंही नाही. चुलीवरचा चहा उतू जाईपर्यंत तिघं पेटीकडं बघत राहिले आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला.

विचारायची गरजच नव्हती. कारण ओसरीवर बसलेलं होतं.

त्या साली कपाशी पुरुषभर उंच गेली होती. आत शिरलेला माणूस दिसेनासा व्हायचा. अळीही तशीच माजलेली. नलूबाईंचा मुलगा अश्वजित आणि तांड्यावरचा रामसिंग, दोघं जोडीनं लोकांच्या वावरात फवारा मारायला जात. औषध कालवायचं काम अश्वजितचं, पंप दोघांच्या पाठीवर. कपाशी डोक्याच्या वर, त्यामुळं फवारा वर धरावा लागे, आणि वारा फिरला की सगळं तोंडावर. एका दिवशी दोघंही वावरातच आडवे झाले. यवतमाळच्या दवाखान्यातून अश्वजित परत आला. रामसिंग आला नाही.

तेव्हापासून अश्वजितला धूसर दिसायचं आणि बोलणं तर जवळजवळ बंदच. वाढलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. एकदाच, हात धुता धुता, म्हणाला होता, "मीच कालवलं होतं न माय."

"भाकर थंडी होऊन राह्यली," नलूबाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी पेटी घरात आली.

घरात निजायची खोली एकच. त्याच खोलीत आढ्याला उर्वशीच्या तान्हीचा झोका बांधलेला, पेटीच्या अगदी अंगावर म्हणावा असा. सुरुवातीला पोर नुसती शिंकायची. मग तिचे डोळे गळायला लागले, मग ती दूध अर्ध्यावर सोडायला लागली. नलूबाईंची स्वतःची जीभ सकाळी कडू लागायची आणि डोकं असं जड, की कोणी वर पाटा ठेवला असावा. पोरीचे दात येऊन राह्यले, असं देवरावांनी ठरवून टाकलं. उर्वशी म्हणाली, हवा बदलली. नलूबाईंना नजर लागल्याची शंका आली होती. पण नजरबिजर आपल्या घरात मानत नाहीत, हे देवरावांनी लग्नाच्या वर्षापासून इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्यांनी मीठ-मोहरी पदराआड लपवून ओवाळून टाकली.

आरोग्यखात्याच्या आशाताईचं काम करणारी विमलताई पोरीचं वजन करायला आली. झोक्याशी वाकली आणि तिथूनच मागं झाली.

"बाई वं! खाली काय ठेवलं, मावशी?"

"कपडे हायेत," नलूबाई म्हणाल्या.

"असा वास मारते कपड्याले?" विमलताईनं बाजेखाली डोकं घातलं आणि खोकतच बाहेर काढलं. "मावशी, जिथं निजता तिथं हे ठेवाचंच नाई. बंद दिसते, पण वाफ सुटतच राह्यते. तुमचं डोकं दुखते, हिच्या तं छातीत जाऊन राह्यलं. आज काढा. जमीन पुसून घ्या, गोधड्या धुवा, खिडकी उघडी ठेवा. अन् हिले दवाखान्यात दाखवा. पेटी कोठ्यात ठेवा न, कुलूप लावून."

"कोठ्यात उंदरं हायेत," देवराव म्हणाले. "बाटल्या कुरतडतात."

"माकडं बी येतात," उर्वशी घाईनं म्हणाली.

"कडीच मोडली कोठ्याची," नलूबाई म्हणाल्या.

विमलताईनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "कोठा हाय का जंगल हाय वं तुमचा?" ती हसली, पण बाकी कोणी हसलं नाही. ओसरीवरून अश्वजितची सावली दारापर्यंत आली होती, ती तशीच मागं सरकली.

फेकून द्यावं, तर कुठं? नाल्यात ओतलं तर ढोरं मरणार, पुरलं तर विहिरीत झिरपणार, आणि उघडलेली बाटली दुकानदार परत घेत नाही. शिवाय अश्वजितनं विचारलं असतं, कपाशी उभी असताना औषध कायले फेकता? त्याला काय सांगायचं?

सांजच्याला नलूबाई गल्लीच्या टोकाला धावजीकडं गेल्या. त्याचं घर मोठं होतं.

"भाऊ, आमची एक पेटी तुमच्या घरी ठेवता का?"

कसली पेटी, हे धावजीनं विचारलं नाही. तो तंबाखू मळत राहिला. मग हळूच म्हणाला, "कुठं ठेवू, वहिनी? माह्या मायच्या बाजेखाली आता जागाच नाई उरली."

कोणासाठी, हे नलूबाईंनीही विचारलं नाही.

परत येताना त्यांना गल्ली नव्यानंच दिसायला लागली. उघड्या दारांतून आत म्हाताऱ्यांच्या बाजा दिसत होत्या. काही बाजा खुरांखाली विटा देऊन उंच केलेल्या, काहींच्या भोवती लुगडं सोडलेलं. खाली कुठं डबा, कुठं तोंड बांधलेलं पोतं, कुठं पेटी. घरोघरी चुली पेटल्या होत्या, भाजीला फोडणी पडत होती, आणि त्या सगळ्यांतून तो एकच वास हळूहळू रस्त्यावर येत होता. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, तो वावरातून येतो.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा पोरीच्या श्वासात शिट्टी वाजायला लागली. उर्वशीनं पोर देवरावांच्या हातात दिली, पदर खोचला, बाज उचलून भिंतीला उभी केली आणि पेटीची कडी धरून ओढायला लागली.

"अवं, थांब! ठेवशीन कुठं?" नलूबाई म्हणाल्या.

"कुठंबी ठेवीन, आत्याबाई. चुलीत घालीन. मी हिले दवाखान्यात नेतो, पण वापस आणाची तं याच खोलीत न?"

पत्रा जमिनीवर घासत, करकरत, पेटी अंगणात आली. नलूबाईंनी दुसरी कडी धरली होती. ओढायला की अडवायला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

अश्वजित ओसरीवरून उठला. पायऱ्या चाचपत खाली उतरला.

"द्या इकडं," तो म्हणाला. "मी ठेवतो कोठ्यात."

हात पुढं झाला. उर्वशीनं कडी सोडली नाही. नलूबाईंनीही सोडली नाही. आणि देवराव, कडेवर शिट्टी वाजवणारी नात घेऊन, दोन पावलं पुढं आले आणि सरळ पेटीच्या झाकणावर बसले.

"गुडघे दुखून राह्यले," ते म्हणाले.

पोरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. अश्वजित अंधुक डोळ्यांनी एकेकाकडं बघत होता. बापाकडं, बायकोकडं, आईकडं. हात तसाच पुढं. नलूबाईंच्या तोंडाशी पुष्कळ गोष्टी आल्या. चहा मांडते, ऊन लागीन, नंतर पाहू. कडी त्यांच्या तळव्यात रुतली होती.

त्यांनी ती सोडली आणि मुलाचा पुढं आलेला हात धरला.

"अश्वजित," त्या म्हणाल्या, "मरून जावं, असं येते का रे तुह्या मनात?"

त्यानं हात सोडवून घेतला नाही.

"येते, माय," तो म्हणाला.