चार बोटं वर टाचलेला झगा

एव्दोकियाचा त्या इंग्रज बाईवर राग होता. बाईला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती, तरी होता.

एव्दोकियाचा धाकटा भाऊ फानिस ग्रीसमधल्या सिरोस बेटावर भूगोलाचा मास्तर होता. निवृत्त झाल्यापासून त्यानं मिसेस प्रेंटिसचाच ध्यास घेतला होता. या बाईनं १८८३च्या हिवाळ्यात शिडाच्या होडीतून बेटामागून बेट पालथं घातलं आणि त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. फानिस शब्दकोश मांडीवर घेऊन त्याचं ग्रीक भाषांतर करी, आणि दर फेब्रुवारीत त्यातल्या एका बेटावर जाऊन बाईच्या वाटेनं चालून येई.

"उन्हाळ्यात जा की, माणसासारखा," एव्दोकिया म्हणायची.

"ती हिवाळ्यात गेली होती."

"ती वेडी होती. तू कशाला होतोस?"

यंदा फानिसचा गुडघा धरला होता, म्हणून तिला सोबत निघावं लागलं. चाळीस वर्षं तिनं शिवणयंत्रावर वाकून काढलेली. अनाफी बेटाच्या धक्क्यावर उतरली तेव्हा बोटीत उलट्या होऊन तिच्या पोटात काही उरलं नव्हतं.

"मिसेस प्रेंटिसला इथं यायला अकरा तास लागले," फानिस कौतुकानं म्हणाला. "तेही होडीच्या तळाशी, बकऱ्यांमध्ये झोपून."

"बकऱ्यांना विचारलं का कुणी, त्यांची रात्र कशी गेली ते?"

दोन दिवस वाऱ्यानं दार उघडू दिलं नाही. ज्या आंथूसाच्या घरी ते उतरले होते, तिनं चण्याचं सूप आणि केशराचा पाव खाऊ घालून दोघांना धरून ठेवलं. तिसऱ्या सकाळी आभाळ निवळलं. आंथूसानं स्वतःच आपला टेम्पो काढला आणि त्यांना कालामोस सुळक्याच्या पायथ्याच्या मठापाशी आणून सोडलं. तिथून वर नुसता खडा कडा, आणि माथ्यावर देवमातेचा पांढरा मठ.

आंथूसाही त्यांच्याबरोबर चढू लागली. तिसऱ्या वळणावर फानिस दगडावर बसला. गुडघा पावासारखा फुगला होता. त्यानं एकदा वर बघितलं आणि भाषांतराची वही बहिणीपुढे धरली.

"तू जा."

"मी? मला त्यातलं काय कळतंय?"

"डोळे आहेत ना? तिनं वरून नऊ बेटं मोजली होती. तू मोज."

"जा गं," आंथूसा म्हणाली. "मी बसते मास्तरांजवळ. त्यांना बोलायला कुणीतरी लागतंच."

वाट हातभर रुंद होती. एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. एव्दोकियाचा लोकरी घागरा काटेरी झुडपांत अडकत होता, वाऱ्यानं पायांत गुंडाळला जात होता. एका खबदाडीत दम खायला बसून तिनं वही उघडली. एका वाक्याभोवती पेन्सिलीनं कंस होता आणि बाजूला फानिसच्या अक्षरात 'वगळावे' असं लिहिलं होतं. वाक्य एवढंच: 'आदल्या संध्याकाळी नावाड्याच्या बायकोकडून दोरा घेऊन मी झग्याचा घेर चार बोटं वर टाचला.'

एव्दोकियानं ते दोनदा वाचलं. तसले झगे तिनं एकदा नाटकमंडळींसाठी शिवले होते. जाड लोकर, आत अस्तर, कडेला गोट. भिजला की अंगावर मूल घेतल्यासारखं ओझं. तेवढा घेर हातानं टाचायचा म्हणजे अख्खी संध्याकाळ. अकरा तास होडीत काढून आल्यावर ही बाई दिव्यापाशी शिवत बसली होती, आणि सकाळी हा कडा चढली. त्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नव्हता.

"शाबास, बाई," एव्दोकिया पुटपुटली. कॉलरमध्ये टोचून ठेवलेल्या दोन पिना काढून तिनं आपला घागरा वर घेतला आणि उठली.

खाली उतरली तेव्हा ऊन कलू लागलं होतं.

"किती?" फानिसनं लांबूनच विचारलं.

"नऊ. दहावं म्हणजे एकतर क्रीट, नाहीतर ढग. पण आधी हे सांग, हे वाक्य का गाळलंस?"

"अगं, ते टाक्याटिपांचं आहे. वाचकांना काय त्याचं?"

"फानिस, टाका घातला नसता तर पाय झग्यात अडकून ती समुद्रात गेली असती. मग ना पुस्तक, ना तुझं भाषांतर. तू बसला असतास चौकात पत्ते कुटत."

"लिहा, मास्तर, लिहा," आंथूसा म्हणाली.

फानिसनं वही मांडीवर घेतली. त्यानं खोडरबर काढला, 'वगळावे' पुसलं आणि विचारलं, "टाचला म्हणू, की दुमडला?"

"टाचला. दुमडलेलं सुटतं."

वसंतात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या फेब्रुवारीत एव्दोकिया एकटीच अस्तिपालिया बेटावर गेली, भाड्याच्या खोलीत उतरली आणि रोज संध्याकाळी भावाला फोन करून दिवसभर पाहिलेलं सांगू लागली. वारा किती होता, वाट कुठं खचली होती, बाईचा बूट कुठल्या चिखलात रुतला असेल. फानिस मध्येच शंका काढायचा.

"मध्ये बोलू नकोस," ती म्हणायची. "लिही."