साबणाचा डाग

ब्रेकताईच्या वहिनीच्या उजव्या फुफ्फुसाचा एक भाग उद्या सकाळी कापून काढायचा ठरला होता, आणि ठरवणाऱ्यांपैकी एकानेही वहिनीला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. असा प्रश्न, जो न्हावीसुद्धा कात्री हातात घेण्याआधी विचारतो: आधी कसं होतं?

ब्रेकताई हे तिचं खरं नाव नव्हे. ती गाडी शिकवायची. तिच्या शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता आणि तो ती इतक्या वेळा दाबायची, की शिकून गेलेल्या माणसांनी गावभर तिचं हे नाव करून टाकलं. तिलाही ते आवडायचं. नाकावर राग आणि पायाखाली ब्रेक, एवढ्या भांडवलावर तिने धंदा उभा केला होता. वहिनी अगदी उलट. नगरपालिकेच्या तलावावर ती बायकांना पोहायला शिकवायची, आणि पाण्याला घाबरणाऱ्या बाईला गप्पा मारत मारत कधी खोल पाण्यात नेऊन सोडायची, ते त्या बाईलाही कळायचं नाही. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा ब्रेकताई शाळेत होती. त्यामुळे दोघींचं पहिल्यापासून अगं-तुगं. पोहायला वहिनीनेच शिकवलं होतं तिला, आणि बरंच काही.

झालं होतं एवढंच, की वहिनी तलावाच्या काठावर घसरली आणि बरगड्यांवर आपटली. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे नवं स्कॅनचं यंत्र आलं होतं आणि त्याचा कोण गाजावाजा! दारातच मोठा फलक होता. तांदळाच्या दाण्याएवढी गाठही आता सुटणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं, आणि बाजूला एक बाई हसत होती. जणू गाठ सापडणं ही लॉटरीच. यंत्र फोटो काढायचं, संगणक तो वाचायचा, संशय आला की लाल गोल काढायचा आणि मग कुठल्याशा दुसऱ्या शहरात बसलेला डॉक्टर त्यावर अहवाल लिहायचा. वहिनीच्या बरगड्या धड निघाल्या. पण फुफ्फुसात लाल गोल निघाला.

"मोत्याएवढी आहे," सर्जन पडद्यावर बोट ठेवून म्हणाला होता. तरुण होता, बोलायला गोड. "सुई घालून तुकडा तपासायला जागा अडचणीची आहे. संगणकाने धोका वरचा दाखवलाय. नवीन गाठ आहे, थांबण्यात अर्थ नाही. तेवढा भागच काढून टाकू."

"नवीन आहे हे कशावरून?" ब्रेकताईने विचारलं होतं.

"जुनी काही नोंदच नाही ना सिस्टीममध्ये," सर्जन म्हणाला.

तेव्हा तिला ते उत्तर वाटलं. घाबरलेल्या माणसाला कुठलंही उत्तर पुरतं. दादाच्या, म्हणजे ब्रेकताईच्या मोठ्या भावाच्या, तोंडचं पाणी पळालं होतं. तो नुसता मान हलवत होता. वहिनीने एकच विचारलं, "मग मला पोहता येईल ना?" सर्जन म्हणाला, "हळूहळू चालता तर नक्की येईल." वहिनी त्यावर हसली, पण त्या रात्री ती जेवली नाही.

तिला भरती केलं त्या खोलीत शेजारच्या खाटेवर एक किल्लीवाली होती. बाजारात तिचं किल्ल्या करून देण्याचं दुकान. तिलाही लाल गोल, तिचंही ऑपरेशन उद्याच, वहिनीच्या पाठोपाठ. बाई कमालीची टापटीप. उशीशी रुमाल चौकोनी घडी घालून ठेवलेला, चपला खाटेखाली जोडीने लावलेल्या. "मी काही हरवत नाही," ती म्हणायची. "लोक हरवतात, म्हणून तर माझं चालतं." वहिनीचं आणि तिचं चांगलं जमलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ब्रेकताई वहिनीचा टॉवेल आणि घरच्या चपला आणायला घरी गेली. टॉवेल न्हाणीघरात होता.

न्हाणीघराच्या खिडकीबद्दल सांगायला हवं. तिची काच फार वर्षांपूर्वी फुटली होती. दादाच्या हातून कुठलीही वस्तू फेकली जात नाही. काच विकत आणण्याऐवजी त्याने कपाटातल्या पाकिटातून वहिनीच्या छातीचा एक्स-रे काढला आणि चौकटीत ठोकून दिला. तलावावर नोकरीला लागताना तपासणीसाठी काढलेला तो फोटो. "जाड असते फिल्म, पावसाला दाद देत नाही," म्हणे. वहिनीने आकाशपाताळ एक केलं होतं. "माझ्या फासळ्या अख्ख्या गल्लीला दाखवतोस?" पण दादा बधला नाही, आणि पुढे सगळ्यांनाच त्याची सवय झाली. पाहुणे न्हाणीघरातून बाहेर आले की वहिनीची तब्येत विचारायचे. त्या फिल्मवर एका बाजूला एक पांढरा ठिपका होता. साबणाचा शिंतोडा. वहिनी दर आठवड्याला खिडकी पुसताना तो घासायची आणि दादाच्या नावाने खडे फोडायची, की असला कसला साबण आणतोस, याचा डागसुद्धा निघत नाही.

ब्रेकताईने टॉवेल ओढला आणि तिची नजर खिडकीवर गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. फासळ्या उजळल्या होत्या, आणि दोन फासळ्यांच्या मध्ये साबणाचा तो डाग.

मोत्याएवढा.

तिने नखाने खरवडला. निघाला नाही. बाहेर जाऊन दुसऱ्या बाजूने खरवडला. तिकडूनही निघाला नाही. निघणार कसा? तो फिल्मवर नव्हताच, फिल्मच्या आत होता. एवढी वर्षं वहिनी ओल्या फडक्याने स्वतःचं फुफ्फुस घासत होती.

ब्रेकताई परत आत आली. पुन्हा पाहिलं तर डाग फोटोतल्या वहिनीच्या डाव्या बाजूला! सर्जनने उजवी बाजू सांगितली होती. तिची आशा मावळली. पण कोपऱ्यातलं वहिनीचं नाव आरशात दिसावं तसं उलटं होतं. दादाने फिल्मच उलटी ठोकली होती. तिने पक्कड आणली, खिळे उपटले, फिल्म टॉवेलात गुंडाळली आणि गाडी काढली. शिकाऊ माणसाला तिने कधीच माफ केलं नसतं इतक्या वेगाने ती दवाखान्यात पोचली.

तिथल्या चौकशीच्या खिडकीवरच्या बाईने फिल्मकडे पाहिलं आणि मग ब्रेकताईकडे.

"हे आम्ही घेत नाही. हे सिस्टीममध्ये जात नाही."

"सिस्टीममध्ये नका घालू. डोळ्यांनी बघा."

"मी डॉक्टर नाही, ताई."

"मग डॉक्टरला बोलवा."

"अहवाल लिहिणारे डॉक्टर इथे बसत नाहीत."

स्कॅनच्या खोलीतल्या माणसाने निदान फिल्म हातात तरी घेतली. त्याने ती लावून बघायला इकडेतिकडे जागा शोधली आणि ओशाळला. फिल्म लावायच्या दिव्याच्या पेट्या नवं यंत्र आलं तेव्हाच काढून टाकल्या होत्या. एवढा मोठा दवाखाना, भिंतभर पडदे, पण एक साधी फिल्म उजेडात धरून बघायची सोय नाही!

"पण जुने फोटो तुम्हीच मागवले होते ना?" ब्रेकताईला आता आठवत गेलं. दवाखान्याने गावभर सांगितलं होतं, जुने फोटो आणून द्या, सगळे संगणकात घालू. लोकांनी रांगा लावल्या होत्या. वहिनीनेसुद्धा पाकीट नेऊन दिलं होतं. खिडकीत ठोकलेला हा एक फोटो तेवढा राहिला होता. "ते कुठे गेले?"

त्या माणसाने आवाज खाली आणला. "ते संगणकात घालायला माणूसच नेमला नाही, ताई. तळघरात खोकी पडून होती. ओल आली. मग भंगारात दिली. फिल्ममध्ये चांदी असते ना, ती काढून घेतात."

ब्रेकताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांनी विश्वासाने आणून दिलेल्या छात्या, पाठी, डोकी वितळवून चांदी काढली यांनी! आणि वर तोंड करून सांगतात, जुनी काही नोंदच नाही. नोंद नाही की नोंद विकून खाल्ली? मी रोज नवशिक्यांच्या कानीकपाळी ओरडते, समोरची काच केवढीही मोठी असू दे, आधी मागच्या आरशात बघ. यांनी तर आरसाच उपटून मोडीत घातला, आणि गाडी आता माझ्या वहिनीच्या अंगावर घालताहेत.

लिफ्टचं दार मिटत होतं. आत सर्जन होता. ब्रेकताईने फटीत पाय घातला. दार थबकलं.

"ताई, मी ऑपरेशनला चाललोय."

"मी उद्याचं थांबवायला आलेय. आधी हे बघा, मग कुणाला कापायचंय ते कापा."

सर्जनने तिच्या पायाकडे पाहिलं. तो पाय काही हलणाऱ्यातला नव्हता. तो बाहेर आला, फिल्म घेऊन कॉरिडॉरच्या खिडकीशी गेला आणि ती उन्हात धरली. फिल्मला चार कोपऱ्यांत चार भोकं होती, कडेला साबणाचे खरेखुरे ओघळ होते. आधी त्याने नुसतं बघितल्यासारखं केलं. मग कोपऱ्यातली तारीख वाचली. मग हातातल्या पडद्यावर वहिनीचा नवा स्कॅन काढला आणि दोन्ही शेजारी धरले. बराच वेळ त्याची मान इकडून तिकडे होत राहिली.

"हे कुठे होतं?"

"न्हाणीघराच्या खिडकीला."

तो हसला नाही. त्याने त्या दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला फोन लावला, फिल्मचा फोटो काढून पाठवला. पलीकडचं बोलणं ऐकताना तो नुसता "हो, हो" म्हणत होता. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"तीच गाठ आहे," तो म्हणाला. "तीच जागा, तेवढीच. कॅन्सर इतकी वर्षं असा जागच्या जागी बसून राहत नाही. हा कधीतरी होऊन गेलेल्या जंतुसंसर्गाचा व्रण असणार. उद्याचं ऑपरेशन रद्द करतो. काही महिन्यांनी पुन्हा एकदा स्कॅन करू, बस्स."

ब्रेकताईचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. तेवढ्यात सर्जन म्हणाला, "पण तुम्ही हे आधी का नाही आणलंत?"

आता मात्र तिचा बांध फुटला.

"आधी? तुम्ही विचारलंत का? एकदा तरी तोंड उघडून विचारलंत, की बाई, यापूर्वी कधी फोटो काढला होता का? माझी वहिनी समोर बसली होती, जिवंत, बोलती. तिला नाही विचारलंत. संगणकाला विचारलंत! त्याने नाही म्हटलं की संपलं? तो हो कसा म्हणेल, त्याच्या पोटात तुम्ही घातलं काय? तांदळाचा दाणा दिसतो म्हणे! समोरचं माणूस दिसत नाही ते!"

कॉरिडॉरमधली माणसं वळून बघू लागली. सर्जन ऐकून घेत उभा राहिला, एवढं मात्र खरं.

मग तो स्वतः खोलीत आला आणि त्याने वहिनीला सांगितलं. वहिनीने फिल्म हातात घेतली, त्या डागावर बोट फिरवलं आणि खाटेशी बसलेल्या दादाकडे बघून म्हणाली, "साबणाला उगीच शिव्या दिल्या रे." आणि मग रडायलाच लागली. दादा तिचा हात धरून तसाच बसला. "तायडे," तो बहिणीला म्हणाला, "आता खिडकीला काच बसवतो." ब्रेकताई म्हणाली, "बसवच. आणि हा फोटो माझ्याकडे राहील, कुणाच्याही हाती देणार नाही."

शेजारच्या खाटेवर किल्लीवाली उठून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उजळला होता.

"डॉक्टर, मग माझंही बघा ना," ती म्हणाली. "मला दम्याचा त्रास, दरवर्षी छातीचा फोटो असायचा. माझं तर सोपं आहे, खिडक्याबिडक्या उचकटायला नकोत. तुम्ही मागितले तेव्हा मी सगळे आणून दिले होते. वर्षांप्रमाणे लावून, पाकिटावर नाव घालून. एकही घरी ठेवला नाही. सगळे इथेच आहेत."

सर्जनने हातातला पडदा बंद केला.

किल्लीवालीने खाटेखाली वाकून चपला पायात सरकवल्या. पदर नीट केला. "चला की. कुठल्या खोलीत ठेवलेत ते दाखवा, माझं पाकीट मी लांबूनही ओळखीन."

सर्जनने ब्रेकताईकडे पाहिलं. तिलाही तळघराचं कळलंय, हे त्याला कळलं असावं, कारण त्याने नजर लगेच जमिनीवर नेली. मग तो दाराकडे सरकला. ब्रेकताई दारात जाऊन उभी राहिली.

"कुठे निघालात?" ती म्हणाली. तिचा आवाज या वेळी चढला नाही. "बसा तिच्यासमोर. आणि तिचे फोटो कुठे गेले ते तिला तुमच्या तोंडाने सांगा."