भिंगावरचा तेलकट डाग

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, मित्रांनो. तीस वर्षं एकाच टेबलावर बूड टेकून बसलोय. रक्त, पू, थुंकी सगळं बघितलं, पण कधी नाक मुरडलं नाही. माझ्या पहिल्या डॉक्टरीणबाई रोज घरी जाताना माझी भिंगं मऊ कागदानं पुसायच्या. म्हणायच्या, "म्हाताऱ्या, तुला दिसलं तर मला दिसणार."

त्या निवृत्त झाल्या आणि हे घाईवाले डॉक्टर आले. शी! बिस्किटाची बोटं तशीच माझ्या अंगावर. भिंगावर तेल सांडलं ते तसंच, त्यावर धूळ बसून त्याची खरूज झाली. पुवाची किळस कधी आली नाही, पण या माणसाची आली.

एकदा शाळेची बस चालवणाऱ्या बाईच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा आला. मोहरीएवढा. डॉक्टरांनी उभ्या उभ्याच डोळा लावला. "बारीक, काळ्या पेशी. कॅन्सरची फार वाईट जात. ऑपरेशनचा उपयोग नाही." आणि लागले की लिहायला! अरे बाबा, आधी मला पूस! पण लोखंडाला कुठली वाचा?

तुकड्यांच्या पातळ चकत्या काचेवर लावून रंगवणारी मावशी मात्र फटकळ. "साहेब, चिठ्ठीवर लिहिलंय, ही बाई दोन वर्षं खोकतेय. एवढी वाईट गाठ असती, तर अजून बस चालवत असती का?"

"मावशी, तुम्ही काचा रंगवा."

"रंगवतेच. पण हे भिंग बघून घास उतरत नाही माझा."

तिनं मला लख्ख पुसलं. मेणात बसवलेल्या त्याच तुकड्याची जरा खोलवरून नवी चकती कापली, रंगवली, माझ्याखाली सरकवली. "आता बसून बघा."

डॉक्टर बसले. काच इकडून तिकडे सरकवून बघितली. मग म्हणाले, "आधीचा भाग चिमट्यात चेंगरून काळा पडला होता, आणि डागाळलेल्या भिंगातून ते कळलंच नाही. इथं पेशी गोल आहेत, घोळक्यानं बसल्यात. ही निराळीच गाठ. क्वचित सापडते, सावकाश वाढते."

"काढता येते?"

"बहुतेक वेळा येते." त्यांनी लिहिलेला कागद टराटरा फाडला. आणखी दोन रंग लावून खात्री केली.

गाठ निघाली. ती बाई पुन्हा बस चालवते. खाली हॉर्न वाजला की मावशी खिडकीशी जाते.

डॉक्टर अजून बिस्किटं खातात, पण हात धुऊन येतात. मित्रांनो, तुम्हीही हात धुऊनच या. माझ्यावरचा डाग माझ्यावर राहत नाही. तो कुणाच्या तरी कागदावर उतरतो.