हॅझलफर्डची चौकशी

मुलीला स्थळ आलं की चौकशी करायची, ही आमच्याकडची रीत. आमच्या श्रियाने अमेय स्वतःच शोधला होता, तेव्हा स्थळ 'आलं' असंही म्हणता येत नव्हतं. पण रीत सोडतील तर ते आमचे निशिकांत कसले! मुलगा मूळचा पुण्याचा, घरच्यांची माहिती दोन फोनमध्ये मिळाली. गाडी अडली ती गावापाशी. अमेय नोकरीसाठी राहत होता अमेरिकेत, आयोवातल्या हॅझलफर्ड टाऊनशिपमध्ये. आता हॅझलफर्ड पाहिलेला माणूस आमच्या सिंगापूरच्या सेरंगूनमध्ये कुठून आणायचा?

"चौकशी पुरी झाल्याशिवाय माझा होकार नाही," असं जाहीर करून ह्यांनी थेट तिथल्या दप्तर सांभाळणाऱ्या डोरोथीबाईंना मेल केली. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आपल्या गावाबद्दल कुणी विचारेल म्हणून बहुधा जन्मभर वाट बघत बसलेल्या. त्यांनी धो धो माहिती पाठवली.

"उल्का, टाऊनशिप म्हणजे गाव नव्हे बरं का," हे जेवताना सांगू लागले. "सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन. सरकारने पट्टीने आखलेला."

"बरं. भात वाढू?"

भातावर मला १८५६ साली आलेली जर्मन कुटुंबं मिळाली आणि ताकावर ओढ्याचा पूर. रेल्वे येणार म्हणून लोकांनी हौसेने स्टेशन बांधलं आणि रेल्वे गेली शेजारच्या टाऊनशिपमधून. तेव्हापासून दोघांत भाऊबंदकी. एकूण वस्ती चारशे बारा, म्हणजे आमच्या ब्लॉकपेक्षाही, या एका इमारतीपेक्षाही कमी.

रविवारी सकाळी अमेय कॉम्प्युटरवर दिसला, तिकडे शनिवारची संध्याकाळ.

"ते रेल्वेविना राहिलेलं स्टेशन आता कसं आहे?" ह्यांनी पहिलाच चेंडू टाकला.

"कुठलं स्टेशन, काका?"

"तीन वर्षं राहतोस आणि स्टेशन माहीत नाही?"

"बाबा, ही इज माय बॉयफ्रेंड, नॉट टूर गाइड लाह!" श्रिया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

अमेय गेल्यावर ह्यांनी निकाल दिला. "जो राहत्या जागेकडे बघत नाही, तो बायकोकडे काय बघणार?"

"आपण इथे बारा वर्षं राहतोय," श्रिया म्हणाली. "हा ब्लॉक बांधायच्या आधी इथे काय होतं, सांगा बरं."

ह्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. मलाही सांगता आलं नसतं. श्रिया खोलीत गेली ती आठवडाभर बापाशी बोलली नाही. मग मीच तोंड सोडलं. "नकार द्यायचाय तर सरळ द्या. जर्मन लोकांच्या आड काय लपताय?" एरवी एकाला दोन ऐकवणारा हा माणूस उठून कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला.

पुढच्या रविवारी अमेयनेच फोन लावला. मी तो स्पीकरवर टाकला.

"काका, डोरोथी आजींना भेटून आलो. स्टेशनही पाहिलं. तिथे आता ट्रॅक्टर ठेवतात." तो जरा थांबला. "आजी म्हणाल्या, इतिहास तुम्ही एकदाच विचारलात. पुढच्या पाचही मेलमध्ये प्रश्न एकच होता. माझ्या घराकडचा रस्ता बर्फाने किती दिवस बंद राहतो, आणि घरात मुलगी एकटी असली तर तिच्यापर्यंत कोण पोचेल."

श्रियाने मान वर करून बापाकडे पाहिलं. मला भयंकर लाज वाटली. आठवडाभर मी ह्यांना काय काय बोलले होते!

"मग? कोण पोचतं?" मीच विचारलं.

"रस्ता आजींचा धाकटा भाऊ साफ करतो. या हिवाळ्यात मीही त्याच्याबरोबर जाणार आहे, शिकायला."

ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि पानं उलटली.

"लग्न एप्रिलमध्ये करू," शेवटी म्हणाले. "बर्फ पडायच्या आधी तिला सहा-सात महिने तरी मिळायला हवेत."