बटणरावांचा रविवार

"दाबा," बटणराव म्हणाले आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले.

हेल्पडेस्कच्या ताईंनी कळ दाबली. पडद्यावर ओळी सरसर धावू लागल्या. चाचणीसाठी ठेवलेला टेस्ट सर्व्हर बंद झाला, जुनं ॲप उतरलं, नवं चढायला लागलं आणि तिथेच लाल अक्षरं उमटली. मागे बसलेल्या विभागप्रमुख मॅडमनी सुस्कारा सोडला.

"परत तिथेच," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही हाताने करता तेव्हा कसं होतं मग?"

"तेव्हा होतं," बटणराव म्हणाले.

एका मोठ्या इस्पितळाचं मोबाइल ॲप हे त्यांचं राज्य. पेशंटनी त्यावर डॉक्टरांची वेळ घ्यायची, रक्ताचे रिपोर्ट बघायचे. ॲपची नवी आवृत्ती आली की बटणराव सर्व्हर बंद करत, जुनं उतरवत, नवं चढवत, सेटिंग भरत आणि सर्व्हर पुन्हा सुरू करत. वर्षानुवर्षं हे सगळं त्यांनी एकेक बटण दाबत केलं होतं, त्यामुळे ऑफिसात त्यांना तेच नाव पडलं. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं.

दुसऱ्या कोणी हे काम केलं की हमखास अडकायचं, आणि मग बटणरावांना फोन. त्या फोनला काळवेळ नव्हती. तो बायकोच्या बाळंतपणात आला, मुलीच्या बक्षीससमारंभात आला, सिनेमाच्या ऐन मध्यंतरात आला. बायकोने त्यावरून भांडणं सोडून दिलं होतं. ते भांडणापेक्षा वाईट होतं, हे कळण्याइतके बटणराव शहाणे होते.

चाळिशी उलटल्यावर बायको टेबल टेनिस खेळायला लागली आणि बघता बघता तिचा संघ शहराच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचला. सामना रविवारी दुपारी होता. नवी आवृत्तीही रविवारीच चढणार होती, कारण रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद. बायकोने त्यांना 'ये' असं म्हटलंसुद्धा नव्हतं. म्हणूनच बटणरावांनी जिद्दीने एक स्क्रिप्ट लिहिली. त्यांची सगळी कामं त्यात ओळीने मांडली होती. कोणीही एकदा सुरू करावी, पुढचं संगणक बघेल.

"शुक्रवारपर्यंत ही टेस्ट सर्व्हरवर नीट चालली तर तुम्ही सुटलात," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "नाहीतर रविवारी तुम्हीच बसा. नाइलाज आहे. तुमच्या हातालाच गुण आहे, त्याला कोण काय करणार?"

खोटं कशाला बोला, हे ऐकून बटणरावांना थोडं बरंही वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्वतःचा राग आला.

घरी बायकोने जेवणाचं टेबल भिंतीला लावून घेतलं होतं आणि भिंतीशी एकटीच खेळत होती. बटणराव लॅपटॉप घेऊन खुर्चीत पडले.

"चेहरा का पडलाय?" तिने चेंडू न थांबवता विचारलं.

"स्क्रिप्ट अडते. आज्ञा त्याच आहेत, क्रम तोच आहे. मी केलं की होतं, तिने केलं की नाही."

"मग करून दाखव."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला नको कळायला. आमचे सर आम्हाला चेंडूशिवाय फटका मारायला लावतात, हळूहळू. चूक कुठे आहे ते आपलं आपल्यालाच दिसतं. चल, लॅपटॉप मिट आणि नुसते हात चालव."

बटणरावांना हसू आलं, पण त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपवर बोटं ठेवली. "हा सर्व्हर बंद केला," ते म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

"उठलास कशाला?"

"चहाला."

"आत्ता?"

"आत्ता नाही गं. तिथे. सर्व्हर बंद केला की मी चहाला जातो. आल्यावर मग जुनं..." बटणराव बोलता बोलता थांबले.

"दर वेळी जातोस?"

"दर वेळी." त्यांचा आवाज बदलला होता. "अगं, तो 'बंद झालो' म्हणतो, पण आतून लगेच बंद होत नाही. त्याची आवराआवर चालूच असते. त्या घाईत नवं ॲप चढवलं की अडकणारच. मी चहा पिऊन येईपर्यंत त्याचं आवरून होत असणार."

बायकोने चेंडू हातात धरला. "म्हणजे इतकी वर्षं तू काम करतोयस असं वाटत होतं, आणि ते करत होता चहा."

दोघं खूप दिवसांनी एकत्र हसली. मग ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि बटणरावांनी लॅपटॉप उघडला. स्क्रिप्टमध्ये त्यांनी एक नवी पायरी घातली: सर्व्हरला परत परत विचारायचं, खरंच आवरलं का, आणि 'हो' आल्याखेरीज पुढे सरकायचं नाही. त्या पायरीला त्यांनी 'चहा' असंच नाव दिलं. शुक्रवारी स्क्रिप्ट टेस्ट सर्व्हरवर लोण्यासारखी चालली. ताईंनी दोनदा चालवून पाहिली, मग मॅडमनी स्वतः.

रविवारी बटणराव सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले होते. लॅपटॉप सोबत नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवटचा सामना बायकोचा होता. या घरंदाज, शांत बाईच्या अंगात एवढी चपळाई आहे हे त्यांना आजच कळत होतं. त्यांना तिचा अभिमान वाटला. आपण किती काय बघितलेलंच नाही, असंही वाटलं, आणि ते टोचलं.

शेवटच्या डावात पुन्हा बरोबरी झाली. बायको सर्व्हिसला उभी राहिली आणि तेवढ्यात बटणरावांच्या खिशात फोन थरथरला. नाव ताईंचं होतं.

सवय लागलेलं अंग उठलंच. लोकांचे गुडघे चुकवत ते दाराकडे निघाले. बायकोने मान वर केली, त्यांची पाठ पाहिली, आणि तिची सर्व्हिस सरळ जाळ्यात गेली. आता आणखी एक गुण गेला की सगळं संपणार होतं.

"काय अडलं?" दाराशी पोचून बटणराव दबक्या आवाजात म्हणाले.

"काही नाही. झालं," ताई म्हणाल्या.

"काय झालं?"

"काम झालं. पडद्यावर बराच वेळ 'चहा' दिसत होतं, म्हणून मीपण घेऊन आले. आता सगळं हिरवं आहे. माझ्या फोनवर ॲप उघडलं, पेशंटना रिपोर्ट दिसतायत. मॅडमनी पण बघितलं. मी आता काय करू?"

"तुम्ही घरी जा," बटणराव म्हणाले. काम त्यांच्याशिवाय झालं होतं. आनंद मोठा होता, आणि त्याच्या कडेला थोडं रितंही वाटत होतं.

त्यांनी फोन बंदच करून टाकला. "माफ करा, माफ करा," म्हणत ते त्याच गुडघ्यांमधून परत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. टेबलापलीकडून बायको बघत होती. ते बसल्यावरही ती एक क्षण बघत राहिली. मग तिने तळहात टेबलाला पुसला आणि वाकून उभी राहिली.

पुढचे तीन गुण तिने ओळीने घेतले. शेवटचा फटका समोरचीला दिसलासुद्धा नसावा. बटणराव खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते, हे त्यांना मागच्याने शर्ट ओढल्यावर कळलं.

खाली गर्दीत संघातल्या एका उंच बाईने त्यांना अडवलं. "आपण कोण?"

ऑफिसात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसता. "मी हिचा नवरा," ते बायकोकडे बोट दाखवत म्हणाले.

"अगं, हा खरंच आहे की," ती बाई बायकोकडे वळली. "आम्हाला वाटायचं, तू उगाच सांगतेस."

"आहे. इतके दिवस कामावर होता," बायको म्हणाली आणि तिने घामेजलेला टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

फोटोसाठी सगळ्या जणी चषकाभोवती गोळा झाल्या. एकीने आपली बॅग त्यांच्याकडे दिली, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. दोन्ही खांद्यांवर बॅगा अडकवून बटणराव बाजूला उभे राहिले. त्या कामाला कोणीही चाललं असतं. पण आज तिथे उभे तेच होते.