मनुकांचं सरबत

सिपोरा झिराडकर आणि मी पहिल्यांदा भेटलो ते आरतीच्या वेळी, आणि आम्ही दोघीही आरतीला उभ्या नव्हतो. अमेरिकेतल्या नोव्हाय गावी एका शाळेच्या कॅफेटेरियात महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता. सगळे पुढे टाळ्या वाजवत होते आणि मागे मसालेभाताच्या ट्रेपाशी आम्ही दोघी. मी नगरची ख्रिस्ती. ती अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहिलेल्या आणि घरात मराठीच बोलणाऱ्या ज्यूंपैकी.

"तुम्ही नाही जात पुढे?" तिने विचारलं.

"मी भाताची राखण करतेय," मी म्हटलं.

"मग मी कोशिंबिरीची करते," ती म्हणाली. झालं. तिथून पस्तीस वर्षं.

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माझ्या नवऱ्यापासून लॅबमधल्या बॉसपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. सिपोरा मोजकं बोलायची आणि बोलली की वर्मावर बोट ठेवायची. तिचा नवरा गेल्यावर ती दर शुक्रवारी मला संध्याकाळी घरी बोलवायला लागली. सूर्यास्ताला त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; त्याचे दिवे लावायची. सकाळीच काळ्या मनुका पाण्यात भिजत घातलेल्या असायच्या. त्या हाताने कुस्करून, पंच्याच्या फडक्यातून गाळून ती सरबत करायची आणि त्याच्यावर हिब्रूतून आशीर्वाद म्हणायची. मग भाकरीचा तुकडा मोडायचा. मी सवयीने आमेन म्हणायचे. तिला ते आवडायचं.

पहिल्यांदा ते सरबत बघितलं तेव्हा मी तिथेच खुर्चीत बसले. माझी आई नगरच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी अगदी असंच करायची. शनिवारी मनुका भिजत, रविवारी प्याल्यात. वाइन कुठून आणणार? तेच फडकं, तोच वास.

"म्हणजे आमच्याकडूनच गेलंय ते तुमच्याकडे," सिपोरा म्हणाली. "रेसिपी विचारायची पण तसदी नाही घेतलीत."

तीन वर्षांपूर्वी आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने मला ईस्टरआधीच्या उपवासकाळातला बायबलचा वर्ग घ्यायला सांगितला. आमची मंडळी म्हणजे बावीस कुटुंबं. एका अमेरिकन चर्चचा हॉल आम्ही दुपारचा भाड्याने घेतो. मी जन्मभर गाड्यांच्या रंगांची केमिस्ट होते, त्यामुळे अभ्यास करायचा तर मुळापासून. मी विषय घेतला, आपली मंडळी मुळात कुठून आली. आणि वाचता वाचता मलाच लाज वाटायला लागली, की सत्तर वर्षांत हे आपण कधी नीट बघितलंच नाही. येशू शेवटपर्यंत यहुदी होता. त्याचे शिष्य यहुदी, आई यहुदी. यरुशलेमेतली ती पहिली मंडळी रोज मंदिरात जायची आणि घरोघरी भाकर मोडायची. आपण काही नवा धर्म काढलाय असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्यात कडाक्याचा वाद झाला तो आपल्यासारख्या बाहेरच्यांना आत घ्यायचं का, यावर.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा कॉलेजात जाणारी अनिका म्हणाली, "सो वी आर द गेस्ट्स?"

"हो," मी म्हटलं. "आपण पाहुणे. घर त्यांचं."

मला स्वतःचंच वाक्य फार आवडलं. तिथेच घात झाला. मी जाहीर करून टाकलं की पुढच्या गुरुवारी आपण वल्हांडणाचं, म्हणजे येशूने शेवटचा पाळलेल्या त्या यहुदी सणाचं, जेवण खऱ्या घरच्या माणसाकडून समजून घेऊ. माझी मैत्रीण येईल.

सिपोरा दोन दिवस हो म्हणेना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "टेबल मांडते. सगळं सांगते. पण माझ्यासाठी प्रार्थना नको हं, उत्तरा. तुमच्याकडची ती प्रार्थना मला माहितीय. माझ्या शाळेतल्या बाईंनी केली होती, सगळ्या वर्गासमोर."

"मी आहे ना तिथे," मी म्हटलं. "कोणाची हिंमत आहे?"

गुरुवारी ती आली. पांढरी साडी, केसात काही नाही. स्टीलच्या ताटात न आंबवलेली बेखमीर भाकर, कडू पाला, मिठाचं पाणी, खजुराचा गोळा, आणि मोठ्या तांब्यात सरबत. तिने सांगितलं की कोकणात तिच्या आजीच्या आजीला हिब्रूचं अक्षरही येत नव्हतं, सणांची खरी नावंसुद्धा विसरली होती. तरी या सणात आंबवलेलं काही चालत नाही म्हणून आंबटाचं मडकं झाकून ठेवायचं, हे त्या बायकांनी सोडलं नव्हतं. "नाव गेलं, मडकं राहिलं," ती म्हणाली. लहान मुलंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. मला इतका अभिमान वाटला की जणू तिला मीच घडवलं होतं.

शेवटी आमचा पाळक गिरीश उठला. गिरीश आठवडाभर गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी उपदेश करतो. मनाने लोण्यासारखा पोरगा. मी त्याला आधी सांगून ठेवायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. कारण मी आहे ना तिथे.

"आपण सगळे डोळे मिटू या," तो म्हणाला. मग देवाचे आभार मानले, सिपोरामावशींचे आभार मानले. आणि मग त्याचा आवाज मऊ झाला. "प्रभू, जिच्या लोकांतून तू आम्हाला तारणारा दिलास, त्या तुझ्या लेकीच्या डोळ्यांवरचा पडदा दूर कर. तिला तुला ओळखू दे."

आणि सगळा हॉल म्हणाला, आमेन. मीसुद्धा.

तोंडातून गेल्यावर मला कळलं. डोळे उघडले तर सिपोराचे डोळे उघडेच होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिने एकेक ताट पुसून पिशवीत भरलं. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे." पार्किंग लॉटमध्ये मी तिच्या गाडीमागे अक्षरशः धावले. सत्तर वर्षांची बाई, चपला हातात.

त्यानंतर तिने फोन उचलला नाही. मी पत्र लिहिलं. गिरीशने स्वतः जाऊन माफी मागितली, त्याला तिने चहा दिला. मला नाही. मी तिच्या दारात करंज्यांचा डबा ठेवून आले. आठ दिवसांनी तो डबा माझ्या पायरीवर होता, घासलेला, लख्ख, आणि रिकामा. पस्तीस वर्षांत आमच्यात डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. निदान चार साखरेचे दाणे तरी असायचे. मी तो डबा हातात धरून पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

तीन वर्षं गेली. या नोव्हेंबरात तिच्या मुलीचा, लियाचा, फोन आला. "मावशी, मॉम हॉस्पिसमध्ये आहे. लिव्हर. शी इज नॉट आस्किंग फॉर यू, आय वोन्ट लाय. पण ती काही घेत नाहीये. मी किडुशसाठी, त्या फ्रायडेच्या आशीर्वादासाठी, ग्रेप ज्यूस आणला तर तिने तोंड फिरवलं. ते रेझिनवालं कसं करतात?"

"सांगत नाही," मी म्हटलं. "घेऊन येते."

शुक्रवारी सकाळी मनुका भिजत घातल्या. दुपारी कुस्करल्या, फडक्यातून गाळल्या, आणि त्याच डब्यात भरून गाडी काढली. दुसऱ्या कशात नेण्याचा विचारही आला नाही.

ती उशीएवढी झाली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, म्हणून मेणबत्त्या लावायला परवानगी नव्हती. लियाने बॅटरीवरचे दोन दिवे लावले होते. मी डब्याचं झाकण काढलं आणि सिपोराने वासावरूनच डोळे उघडले.

"जास्त पिळलंस," ती म्हणाली. "कडवट वास येतोय."

"तुझ्यापेक्षा बरंच झालंय," मी म्हटलं.

मग तिने विचारलं, "का म्हणालीस गं?"

"सवयीने, सिपोरा. शपथ घेऊन सांगते. सवयीने."

"सवय कोणाची, पण? आमेन शब्द आमचा, हिब्रू. आमचाच शब्द घेऊन आमच्यावर उगारलात. तो पोरगा म्हणाला त्याचं मला काही नाही. त्याला काय माहीत. तुला माहीत होतं."

मी मान खाली घातली. तिने मला जवळ बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

पाचच्या सुमारास सूर्य मावळला. लियाने सरबत छोट्या पेल्यात ओतून आईच्या हातात दिलं आणि स्वतःचा हात खाली धरला. फोनवर बघून ती आशीर्वाद वाचायला लागली, अडखळत, अमेरिकन उच्चारांत. शेवटचा शब्द संपला. आता ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं असतं. सिपोराने माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, परीक्षा घेतेय. मला वाटलं, या तोंडाने आता तिच्यासमोर तो शब्द पुन्हा काढायचा नाही. जन्मभर न आवरलेलं तोंड मी त्या एका वेळी घट्ट मिटून घेतलं. ती थांबली. लियाचा हात भरून आला होता, तरी ती थांबली. मग तिने एकटीनेच म्हटलं, हळू, ऐकू येईल न येईल असं, आणि ओठ ओले केले.

रविवारी पहाटे ती गेली. सोमवारी दफन होतं. कबरस्तानाच्या फाटकाशी लिया माझ्याकडे आली. तिच्या हातात माझा डबा होता.

"मॉमने शनिवारी सांगितलं. फ्रायडेला द्यायचा राहिला म्हणाली." मग आईचे शब्द तिने मराठीतच म्हटले, एकेक करून, पाठ केल्यासारखे. "रिकामा देऊ नकोस."

आत मूठभर काळ्या मनुका होत्या.

मग मला कळलं, ती शुक्रवारी कशासाठी थांबली होती. परीक्षा नव्हती ती. मला तो शब्द परत देत होती, आणि मी घेतला नाही.

कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. सिनेगॉगमधून ते आले होते. मी त्या दहांत नव्हते, पण मध्ये मध्ये आमेन म्हणायला कोणी कोणाला मोजत नाही. मी डबा छातीशी धरून मागे उभी राहिले आणि प्रत्येक वेळी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, दोघं वळून बघेपर्यंत. शेवटचं आमेन झालं तेव्हा तिच्यावर माती पडून गेली होती.